कंस हलवायचा अधिकार कोणाचा?



आज एका किमतीबद्दल बोलायचं आहे. संगणकात अपूर्णांकांचं गणित मानकाबरहुकूम केलं, म्हणजे कागदावर जे नियम ठरले आहेत ते अक्षरशः पाळून केलं, तर प्रोग्रॅम हळू चालतो, अशी तक्रार गेली पंचेचाळीस-एक वर्षं चालू आहे. किती हळू, हा इंजिनिअर मंडळींचा प्रश्न. माझं शिक्षण तत्त्वज्ञानाचं, त्यामुळे मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. ही किंमत नक्की कशाची? मानकाची, यंत्राची, की आणखी कशाची? इतिहास चाळला तर दिसतं की, ज्याला ‘मानकाची किंमत’ म्हटलं गेलं, त्यातली बरीचशी पुढे नाहीशी झाली. थोडी मात्र राहिली, आणि ती वेगळ्याच जातीची आहे.

आधी गणित समजून घेऊ. घाबरू नका, तिसरीतली बेरीज आहे.

अशी कल्पना करा की एक कारकून आहे आणि त्याच्या वहीत प्रत्येक आकड्यासाठी तीनच चौकटी आहेत. आकडा कितीही मोठा असो, पहिले तीन महत्त्वाचे अंक लिहायचे आणि शेजारी दहाचा घात लिहायचा. फ्लोटिंग पॉइंट म्हणजे एवढंच. आपल्या संगणकात तीनऐवजी द्विमान पद्धतीचे ५३ अंक असतात, म्हणजे दशमान पद्धतीत साधारण १५-१६, पण तत्त्व तेच. आता या कारकुनाला सांगा, १००० मध्ये ४ मिळव आणि मग आणखी ४ मिळव. १००४ त्याला लिहिताच येत नाही. तो १००० लिहितो. पुन्हा ४ मिळवतो, पुन्हा १०००. आता कंस हलवा. आधी ४ आणि ४ आठ करा, मग १००० मध्ये मिळवा. १००८ होतात, तो १०१० लिहितो. तेच तीन आकडे, तीच बेरीज, उत्तरं दोन. खरं उत्तर १००८, ते दोन्हीकडे नाही.

शाळेत आपण बेरजेचे दोन गुणधर्म शिकलो, क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य. पैकी क्रमनिरपेक्षता इथे टिकते, दोन आकडे कुठूनही मिळवा. साहचर्य मात्र कोसळतं. आजचं सगळं व्याख्यान, खरं सांगायचं तर, या कोसळलेल्या साहचर्यावर आहे.

१९८५ च्या आधी प्रत्येक कंपनीचा कारकून वेगळा होता. आयबीएमचं सिस्टिम/३६० हे यंत्र १९६४ साली आलं. त्याचं गणित सोळाच्या पायावर होतं, आणि दुप्पट लांबीच्या आकड्यांची वजाबाकी करताना एक राखीव अंक जो ठेवावा लागतो, तो सुरुवातीला ठेवलेलाच नव्हता. राखीव अंक नसला तर काय होतं ते आपल्या कारकुनाला विचारू. १.०० मधून ०.९९९ वजा कर. तो आधी दशांश चिन्हं एकाखाली एक आणतो, जागा नाही म्हणून शेवटचा ९ पुसतो, आणि ०.०१ असं उत्तर देतो. खरं उत्तर ०.००१. दहापट चूक, आणि तीसुद्धा साध्या वजाबाकीत! गिऱ्हाइकांनी इतका आरडाओरडा केला की, आयबीएमला बसवून झालेल्या यंत्रांत जाऊन तो अंक घालून द्यावा लागला. क्रे कंपनीच्या महासंगणकांत मात्र तो पुढेही बरीच वर्षं नव्हता. तिथे वेग हाच धर्म.

अशा यंत्रांवर काम करणारे शहाणे प्रोग्रॅमर ‘१ वजा क्ष’ असं लिहीत नसत. ते लिहीत, ‘०.५ वजा क्ष, आणि त्यात ०.५ मिळवा.’ वेडेपणा वाटतो ना? पण राखीव अंक नसलेल्या यंत्रावर त्यानं उत्तर वाचतं. आता गंमत बघा. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर, तो हे वाचतो आणि म्हणतो, अरे, हे तर ‘१ वजा क्ष’च आहे, उगाच दोन क्रिया कशाला? तो ते ‘सुधारतो’. सी भाषेच्या मूळ, म्हणजे कर्निगन आणि रिची यांच्या व्याख्येत अशी मोकळीक होती. बेरीज-गुणाकाराचे कंस तुम्ही स्वतः घातलेले असले तरी कंपायलर ते हलवू शकत असे. १९८९ च्या मानकाने ती मोकळीक काढून घेतली. फोर्ट्रानचा नियम जरा वेगळा आहे. तिथे गणितानं समान असेल ते काहीही कंपायलरनं करावं, पण लिहिणाऱ्यानं घातलेल्या कंसाला हात लावू नये. मला हा नियम फार सभ्य वाटतो. मनुष्यानं मुद्दाम कंस घातला आहे, तर त्याच्या मनात काही असेल, एवढं गृहीत धरणं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९७७ साली एक समिती बसली. तिच्यातला मध्यवर्ती माणूस म्हणजे बर्कलीचे प्राध्यापक विल्यम कहान. त्याच सुमारास ते इंटेलला एका गणिती चिपसाठी सल्ला देत होते. ती ८०८७ चिप १९८० मध्ये आली. कहान, त्यांचे विद्यार्थी जेरोम कूनन आणि हॅरॉल्ड स्टोन, या तिघांनी मिळून एक मसुदा मांडला. त्यातलं वचन थोडक्यात असं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं उत्तर असं द्यायचं की, जणू आधी ते अगदी अचूक काढलं आणि मग एकदाच राउंड केलं. कारकून कोणत्याही कंपनीचा असो, उत्तर एकच.

याला फारसा विरोध झाला नाही. भांडण झालं ते शून्याच्या शेजारी. आपल्या कारकुनाला सर्वांत लहान घात समजा उणे ९ पर्यंतच लिहिता येतो. त्याचा सर्वांत लहान आकडा १.०० गुणिले दहाचा उणे नववा घात. त्याच्या पुढचा १.०१ गुणिले तेच. या दोघांतला फरक किती? ०.०१ गुणिले तेच, आणि हा त्याच्या नियमात बसत नाही, कारण पहिली चौकट शून्याची ठेवायची नाही असा दंडक. मग तो शून्य लिहितो. म्हणजे दोन आकडे वेगळे आहेत, पण त्यांची वजाबाकी शून्य! प्रोग्रॅममध्ये कोणी ‘दोन्ही वेगळे असतील तरच त्यांच्या फरकानं भाग’ असं नीट जपून लिहिलं असलं, तरी शून्यानं भागाकार होणारच.

कहान यांचं म्हणणं असं की, शून्याच्या अगदी जवळ हा दंडक सैल करा. पहिल्या चौकटीत शून्य चालेल. आकडे हळूहळू अचूकपणा गमावत शून्यात उतरतील, एकदम खड्ड्यात पडणार नाहीत. या उतरत्या आकड्यांना आज सबनॉर्मल म्हणतात. नेहमीच्या दुप्पट लांबीच्या आकड्यांत सर्वांत लहान ‘साधा’ आकडा २ चा उणे १०२२ वा घात, आणि सबनॉर्मल धरून २ चा उणे १०७४ वा. इतके लहान आकडे कोणाला लागतात, असं तुम्ही म्हणाल. क्वचितच लागतात. पण प्रश्न त्या आकड्यांचा नव्हता. ‘क्ष आणि य वेगळे असतील तर त्यांचा फरक शून्य नसतो’ हे विधान निरपवाद राहतं की नाही, याचा होता. अपवाद एकच असला तरी सिद्धतेत ते विधान वापरता येत नाही, हे तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

डीईसी ही व्हॅक्स संगणक बनवणारी कंपनी. तिचा आक्षेप असा की हे सगळं हार्डवेअरमध्ये बसवलं तर यंत्र हळू होईल. यावर बर्कलीत जॉर्ज टेलर या विद्यार्थ्यानं व्हॅक्समध्ये बसतील असे बोर्ड बनवून दाखवले, वेग न गमावता. मग डीईसीनं जी. डब्ल्यू. स्टुअर्ट या नावाजलेल्या गणितज्ञाकडून मत मागवलं. कल्पना अशी असावी की, ते म्हणतील, याचा काही उपयोग नाही. १९८१ साली बॉस्टनच्या बैठकीत स्टुअर्ट यांनी सांगितलं की, सगळा विचार करता हाच मार्ग योग्य आहे. मागवणाऱ्याच्या विरुद्ध मत देणारा तज्ज्ञ! १९८५ मध्ये आय-ट्रिपल-ई ७५४ हे मानक झालं, आणि १९८९ मध्ये कहान यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

गोष्ट इथे संपत नाही, कारण मानक मान्य करणं वेगळं आणि पाळणं वेगळं. त्याच डीईसीनं १९९२ मध्ये अल्फा हा अतिवेगवान प्रोसेसर काढला. सबनॉर्मल आकडा आला की हा प्रोसेसर स्वतः काही करत नसे, काम थांबवून सॉफ्टवेअरला हाक मारत असे. आणि ती हाक नेमक्या जागी मारता यावी म्हणून कंपायलरला प्रोग्रॅम जरा अडखळत चालेल असा बनवावा लागे. त्यासाठी कंपायलरला वेगळा पर्याय द्यायचा, आणि पर्यायाच्या माहितीतच लिहिलेलं असे की असा प्रोग्रॅम कमी कार्यक्षम असतो. म्हणजे मानक पाळायचं असेल तर अर्ज करा! इंटेलच्या प्रोसेसरांतही सबनॉर्मलसाठी बराच काळ आतल्या एका संथ वाटेनं जावं लागे. एरवी चार-पाच सायकलींत होणाऱ्या क्रियेला शंभराहून जास्त.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आवाजाच्या क्षेत्रातलं आहे. सभागृहाच्या घुमाऱ्याचा परिणाम देणारे प्रोग्रॅम असतात. प्रत्येक प्रतिध्वनी मागच्यापेक्षा थोडा लहान, असं ते गणित करतात. गाणं थांबतं, प्रतिध्वनी विरत जातो, आकडे लहान लहान होत सबनॉर्मलमध्ये शिरतात, आणि कानाला काहीही ऐकू येत नसताना संगणक धापा टाकायला लागतो. शांतता हीच सर्वांत महाग! मग या लोकांनी उपाय काढला, प्रोसेसरची एक कळ दाबायची आणि असे आकडे सरळ शून्य करायचे. त्यांच्या कामात ते योग्यच आहे. न ऐकू येणारा आवाज शून्य धरला तर कोणाचं काय बिघडतं? ही कळ पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पण इथे थांबून एक गोष्ट नोंदवू. ही किंमत मानकाची नव्हती. एनव्हिडियाच्या २०१० च्या फर्मी चिपमध्ये सबनॉर्मल पूर्ण वेगानं चालत. ज्यांनी जागा दिली, त्यांच्याकडे दंड लागला नाही.

जावाची कथा याहून मजेदार. १९९५ मध्ये ही भाषा आली ती ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ या घोषणेसह. त्यामुळे आकड्यांचं उत्तरही सगळीकडे तेच हवं. पण घरोघरी जे इंटेलचे संगणक होते, त्यांत ८०८७ चा वारसा होता. ती चिप आतल्या आत ८० बिटांत काम करायची, म्हणजे हवी त्यापेक्षा जास्त अचूक. आता जास्त अचूक असल्यानं काय बिघडतं? बिघडतं असं की, मधला आकडा चिपच्या आत राहिला तर लांब, आणि जागा कमी पडून मेमरीत ठेवावा लागला तर आखूड. कुठला आकडा कधी बाहेर ठेवायचा हे कंपायलर ठरवतो. त्यामुळे एकच सूत्र दोनदा काढलं, तर दोन उत्तरं वेगळी येऊ शकत. जीसीसी या कंपायलरच्या दोषवहीत ३२३ क्रमांकाची नोंद याबद्दलची आहे, २००० सालची. तीच तक्रार इतक्या जणांनी पुन्हा पुन्हा आणली की, ती नोंद त्या वर्तुळात दंतकथा झाली. दोष कोणाचा, यावर मात्र एकमत नाही. कंपायलर म्हणे यंत्राचा, यंत्र म्हणे भाषेचा.

जावाला हे टाळायचं तर प्रत्येक क्रियेनंतर आकडा मेमरीत टाकायचा आणि परत उचलायचा, आणि घातांकाच्या टोकाला आणखी कसरत करायची. वेग पार बसला. मग १९९८ मध्ये जावानं माघार घेतली: मूळ नियम सैल केला, आणि ज्यांना काटेकोर उत्तर हवं त्यांच्यासाठी ‘स्ट्रिक्ट-एफपी’ असा वेगळा शब्द दिला. त्याच वर्षी कहान आणि जोसेफ डार्सी यांनी जावाच्या या गणितामुळे सगळीकडे सगळ्यांचं नुकसान होतं असं सांगणारा जळजळीत निबंध लिहिला. पण तो उलट्या बाजूनं! कहान यांना ती जादा लांबी हवी होती. सगळीकडे तेच उत्तर येणं आणि बरोबर उत्तर येणं या दोन गोष्टी एक नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. सगळे एकच चूक करत असतील तर त्याला बरोबर म्हणत नाहीत.

पुढे काय झालं? २००० च्या अखेरीस पेंटियम ४ आला, त्यात नव्या सूचना होत्या, थेट नेमक्या लांबीत काम करणाऱ्या. जादा लांबीचा प्रश्नच गेला. २०२१ मध्ये जावा १७ नं काटेकोर नियम पुन्हा सगळ्यांना लागू केला. तो वेगळा शब्द आता निरर्थक झाला. तेवीस वर्षं भाषेच्या व्याकरणात एक शब्द वागवला गेला, कारण एका जुन्या चिपची रचना तशी होती!

मग राहिलं काय? राहिला तो कंस.

दहा लाख आकड्यांची बेरीज करायची आहे. तुम्ही लिहिलंत, पहिल्यात दुसरा मिळव, त्यात तिसरा, त्यात चौथा. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरवर एक बेरीज पूर्ण व्हायला चार सायकली लागतात, आणि ती झाल्याशिवाय पुढची सुरू करता येत नाही. पण तोच प्रोसेसर एका सूचनेत चार आकडे हाताळू शकतो, आणि अशा दोन सूचना दर सायकलीला सुरू करू शकतो. म्हणजे बेरजेच्या अनेक रांगा करून शेवटी एकत्र आणल्या तर चार सायकलींत एकीऐवजी बत्तीस बेरजा. कागदावर बत्तीसपट! आकडे मेमरीतून तितक्या वेगानं आले तर, हे खरं, पण फरक मोठाच. आणि कंपायलरला हे सगळं दिसतं, करता येतं, तरी तो करत नाही. कारण रांगा करणं म्हणजे कंस हलवणं, आणि कंस हलवला की उत्तर बदलतं. इथे कितीही चांगली चिप आणा, ही किंमत जात नाही. ती चिपची नाहीच.

कंपायलरकडे यावर एक पर्याय असतो, ‘फास्ट-मॅथ’. नाव कसं गोड आहे बघा. तो दिला की कंपायलर गणिताच्या पुस्तकातले नियम खरे मानून चालतो. कंस हलवतो. सगळे आकडे ठीकठाकच आहेत असं धरतो. मानकात ‘संख्या नव्हे’ असं सांगणारी एक खूण आहे, नॅन. शून्याला शून्यानं भागलं की ती मिळते. ही खूण स्वतःशीसुद्धा समान नसते. ‘क म्हणजे क’ हा तादात्म्याचा नियम आम्ही पहिल्या तासाला शिकवतो, आणि इथे मानकातच त्याला अपवाद! पण त्याचा उपयोग असा की, ‘क्ष हा क्ष नाही’ असं विचारून नॅन पकडता येतो. फास्ट-मॅथमध्ये कंपायलर म्हणतो, असं कधी होईल का, आणि ती तपासणीच काढून टाकतो. पहारेकऱ्याला घरी पाठवतो, कारण चोर येत नाहीत असं गृहीत आहे.

याहून मला चटका लावणारं उदाहरण कहान यांच्याच १९६५ च्या बेरजेच्या रीतीचं. आपला कारकून १००० मध्ये ४ मिळवून १००० लिहितो, तेव्हा ते ४ हरवतात. कहान म्हणतात, हरवलेलं शोधा. नव्या बेरजेतून जुनी वजा करा, त्यातून मिळवलेला आकडा वजा करा. शून्य वजा चार, उणे चार. म्हणजे चार सांडले. ते हातच्यासारखे बाजूला ठेवा आणि पुढच्या आकड्यात घाला. पुढच्या वेळी ४ ऐवजी ८ मिळवले जातात, १०१० होतात, आणि दोन जास्त झाले हेही हातच्यात नोंदलं जातं. किती साधं आणि किती हुशार! पण बीजगणितानं बघाल तर बेरीज वजा जुनं वजा नवं म्हणजे शून्यच. फास्ट-मॅथ दिलेला कंपायलर हे ओळखतो आणि हातचा पुसून टाकतो. प्रोग्रॅम झकास पळतो. राउंडिंगची चूक पकडायला लिहिलेल्या ओळी, राउंडिंग होतच नाही असं मानून काढल्या जातात.

कोणी म्हणेल, ज्यानं तो पर्याय दिला त्यानं भोगावं. पण आता ती मघाची कळ आठवा. जीसीसीनं फास्ट-मॅथ वापरून एखादी लायब्ररी बनवली, तर ती लोड होताच प्रोसेसरची सबनॉर्मल शून्य करण्याची कळ दाबली जायची. आणि ती कळ त्या लायब्ररीपुरती नसते. तिला लोड करणाऱ्या प्रोग्रॅमचं उरलेलं गणितही त्याच नियमानं चालतं. २०२२ मध्ये एका संशोधकानं पायथनची पॅकेजं तपासली, तेव्हा असं करणारी कितीतरी सापडली, आणि त्यांतल्या काहींचा आकडेमोडीशी संबंधसुद्धा नव्हता. कोणीतरी ‘वेगवान’ असं लिहिलेला पर्याय बघून लावला होता, एवढंच. २०२३ च्या जीसीसी १३ मध्ये हे बंद झालं. परवानगी एकानं दिली, गणित दुसऱ्याचं बदललं, आणि दुसऱ्याला पत्ताही नाही. यात मला तांत्रिक दोषापेक्षा जास्त काही दिसतं. वेग ताबडतोब मोजता येतो आणि तो ज्यानं मिळवला त्याच्या नावावर जमा होतो. बिघडलेला सोळावा अंक कोणाच्या नावावर पडतो?

सोळाव्या अंकानं काय होतं, असं वाटत असेल तर सर्नचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये त्यांनी एलएचसी ॲट होम हा उपक्रम सुरू केला. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन लाखो फेऱ्या मारताना टिकतील की भरकटतील, याचं गणित स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांवर करायचं. एकच काम दोघांना द्यायचं आणि उत्तरं जुळली तर खरं मानायचं. आता काही कक्षांचं स्वरूप असं असतं की, शेवटच्या अंकातला फरक फेरीगणिक वाढत जातो. एका घरी प्रोटॉन टिकला, दुसऱ्या घरी भिंतीवर आदळला! साध्या चार क्रिया मानकानं बांधून दिल्या होत्या, पण साइन, लॉग अशी फलनं बांधलेली नव्हती, आणि फरक तिथून शिरत होता. शेवटी फ्रान्समधल्या लिऑनच्या गणितज्ञांनी केलेली, शेवटच्या अंकापर्यंत नेमकं राउंड करणारी लायब्ररी तिथे वापरली गेली. म्हणजे वेगाच्या मागे लागलेल्या या जगात काही लोक जादा काम आनंदानं स्वीकारत होते, कारण त्याशिवाय दोन उत्तरं ताडून बघण्याला अर्थच उरत नव्हता.

अलीकडे भाषांमध्ये एक वेगळी वाट दिसते. सी प्लस प्लस भाषेत बेरजेसाठी ‘ॲक्युम्युलेट’ हे जुनं फंक्शन आहे. ते डावीकडून उजवीकडे, लिहिल्या क्रमानंच जातं. २०१७ च्या आवृत्तीत त्याच्या शेजारी ‘रिड्यूस’ आलं. त्याचा अर्थच असा की, या बेरजेपुरते कंस कसेही लावा, माझी हरकत नाही. परवानगी त्या एका ओळीपुरती, आणि लिहिणाऱ्याच्या सहीनिशी. सबंध प्रोग्रॅमवर मारलेला शिक्का नव्हे. दोन शब्द, आणि निवड करणारा माणूस तोच, ज्याला आपले आकडे कुठून आले हे माहीत आहे.

बरं, वेळ होत आली. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत हात दिसतोय, त्यांच्याकडे माईक द्या.